मामाजींच्या अंगणातले हिस्से

आमच्या सासऱ्यांना बसलेलं पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

त्यांचा जावई होऊन मला एकवीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी त्यांना उभं पाहिलं, चालताना पाहिलं, पळताना पाहिलं, एकदा तर सीताफळाच्या झाडावर पाहिलं. पण खुर्ची, बाज, ओटा, सतरंजी यांपैकी कशावरही ते टेकलेले दिसले नाहीत. ते झोपतात असं सासूबाई सांगतात, पण त्यांच्या आवाजातही पुरेशी खात्री नसते. चहा ते चालत पितात. बशी चुलीपाशी हातात घेतात, पहिला घोट उंबऱ्यावर, दुसरा अंगणाच्या मध्यावर आणि शेवटचा फाटकाशी. म्हणून त्या घरातल्या रिकाम्या कपबशा स्वयंपाकघरात न सापडता कुंपणाच्या खुंटांवर सापडतात. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये त्यांचा एकही धड फोटो नाही. एका फोटोत कोपर आहे, एकात धोतराचा सोगा, आणि कन्यादानाच्या फोटोत त्यांच्या जागी एक पांढरट धूसर पट्टा आहे. त्या पट्ट्याला आम्ही दर वाढदिवसाला नमस्कार करतो. चामोर्शीहून चंद्रपूरला येताना बसमध्ये सगळ्या जागा रिकाम्या असल्या तरी ते दांडीला धरून उभे. कंडक्टर बिचारा विनवतो, तर म्हणतात, "बसलेल्या माणसाले रान दिसत नाई." बाहेर बघावं तर सोयाबीन आणि पेट्रोलपंप.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, म्हणून मीही मामाजीच म्हणतो. त्यांचं गाव चामोर्शीच्या पलीकडे, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, संपून जिथे जंगल सुरू होतं तिथे आहे. गाव शिकाऱ्यांचं. कायदा आला, रानावर पहारे बसले, जाळी आणि भाले आढ्याला टांगले गेले. शिकार गेली, पण शिकाऱ्याच्या घरची रीत काही गेली नाही. आजही त्या गावात मटणाचं दुकान नाही. बोकड असो, घरचं डुक्कर असो, बोडीतले, म्हणजे गावतळ्यातले, मासे असोत, जे खायचं ते गावातच, आपल्या हातानं साफ करून खायचं. सासूबाई धानाचं वाळलं तणस पेटवून डुकराचे केस असे जाळतात की कातडी कुठे काळी पडत नाही. माझी बायको माजरीच्या कोळसाखाणीवरच्या आमच्या क्वार्टरमध्ये कोंबडीचे सांधे सोडवता सोडवता फोनवर बहिणीशी बोलते, पोराच्या गणिताला बरोबर-चूक सांगते आणि दाराशी आलेल्या भाजीवाल्याला नकोही म्हणते. मी मात्र खाणीच्या स्टोअरमधला कारकून. मटण काळ्या पिशवीतून येतं, एवढंच माझं त्या विषयातलं शिक्षण.

लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी मनात धरून गेलो होतो की नव्या जावयाचे पाय धुतील, पाटावर बसवतील. पाट मांडला होता, नाही असं नाही. पण मी त्यावर टेकतोय तोच मामाजी अंगणातून ओरडले, "जवाई, इकडं या. पाय धरा!" मी धावत गेलो तर पाय डुकराचे होते. नवा सफारी, हातात घड्याळ, गळ्यात सासूबाईंनी घातलेला हार, आणि मी दोन्ही हातांनी मागचा पाय ताणून उभा. मामाजी सुरी चालवत होते आणि मला शिकवत होते. "हे पाहा. हाड तोडाचं नाई. हाडाले हाड जिथी भेटते तिथी वाट असते. वाटनं जाचं." आणि खरंच, कुठे कुऱ्हाडीचा घाव नाही, की हाडाचा चुरा नाही. सुरी नुसती आत शिरायची आणि मांडी सुटून माझ्या हातात यायची. त्या दिवशी मी घाबरलो, ओशाळलो, आणि त्या माणसाच्या प्रेमातही पडलो.

ही सांध्यांची वाट त्यांना सगळीकडे दिसते. गुडघा दुखतो म्हणून मी त्यांना चंद्रपूरला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर लावला आणि झीज कुठे आहे ते सांगायला लागले. मामाजींनी त्यांना थांबवलं, बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथून सुरी घातली तं एका झटक्यात निंगते." डॉक्टरांनी आपली खुर्ची थोडी मागे घेतली. मग मामाजींनी धंद्यातल्या माणसानं धंद्यातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "तुमी म्हणे हाडाले करवत लावता?" डॉक्टर म्हणाले, कधीकधी लावावी लागते. मामाजी एक्स-रे बगलेत मारून बाहेर निघाले. व्हरांड्यात आल्यावर मला म्हणाले, "सुतार हाये तो." डॉक्टरांनी महिनाभर बसून राहायला सांगितलं होतं, हे आम्ही सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या किती तरी वेळ हसत होत्या.

सुरीला धार लावणं हा त्यांचा दुसरा श्वास. विहिरीजवळच्या दगडावर सकाळ-संध्याकाळ खसखस चाललेली असते. धार लावून लावून ती सुरी आता निम्मीच उरली आहे. आपली सुरी तयार झाली की ते शेजारच्या घरांत शिरतात आणि कुणी न सांगता पावश्यांना, म्हणजे विळ्यांना, धार लावून देतात. भेंडी चिरायला बसलेल्या बायकांची बोटं कापतात, म्हणून ते फाटकातून येताना दिसले की आळीभर पावश्या धान्याच्या कोठीमागे जातात. टीव्हीवर एकदा सिंहांचा कार्यक्रम लागला होता. सिंहीण म्हैस पाडते आणि सगळे तुटून पडतात. मामाजी दारात उभे राहून बघत होते. जरा वेळानं त्यांना ते असह्य झालं. "हिस्से न पाडता खाऊन राह्यले! याइले काही रीत हाये का नाई?" असं म्हणून ते तडक बाहेर गेले आणि पुन्हा त्या टीव्हीकडे फिरकले नाहीत.

हिस्से हा त्या माणसाचा खरा प्राण. गावात काहीही कापलं गेलं की ते मामाजींच्या अंगणात यायचं, हे त्यांच्या वडलांपासून चालत आलेलं. अंगणात पळसाची पानं ओळीनं मांडायची, जितकी घरं तितकी पानं. प्रत्येक पानावर सगळ्याचं थोडं थोडं गेलं पाहिजे. मांडीचं, बरगडीचं, काळजाचं, चरबीचं, हाडाचं. कुणाला नुसतं मऊ आणि कुणाला नुसतं हाड, असं नाही. सुरी लागायच्या आत जो अंगणात आला तो हिस्सेदार, मग तो पाहुणा असो की चपला विकायला आलेला फिरता माणूस. हिस्से झाले की कुणीतरी एकजण ओळीकडे पाठ करून उभं राहायचं. मामाजी एकेका पानावर बोट ठेवून विचारणार, "हा कोणाचा?" आणि पाठमोरा माणूस मनाला येईल त्या घराचं नाव घेणार. म्हणजे भांडणाला जागाच नाही. मी त्या अंगणात कितीतरी वेळा उभा राहिलो आहे. जमिनीच्या बांधावरून एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं तिथे शेजारी उभी राहून आपापलं पान उचलून घेऊन जायची.

मग दोन वर्षांपूर्वीची होळी आली. त्या सुमाराला मामाजींचा उजवा हात थोडा थरथरायला लागला होता. अंगठा आणि दोन बोटं, तेवढंच. ते कबूल करत नव्हते आणि आम्ही विचारत नव्हतो. बोकडाचे हिस्से झाले, नावं झाली. कोपऱ्यावरच्या घरात एकट्या राहणाऱ्या काकू आहेत, त्यांनी आपलं पान उचललं, हातावर तोललं आणि सहज बोलल्या, "भाऊ, अवंदा हिस्सा थोडा कमी वाटून राह्यला."

बस, एवढंच. मामाजींनी स्वतःचं पान त्यांच्या पदरात रिकामं केलं आणि विषय संपला. पण संपला नाही. पन्नास वर्षांत त्या अंगणात कमी हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. त्या गावात म्हाताऱ्या माणसाच्या हातातून सुरी कुणी काढून घेत नाही, ते पाप समजतात. फक्त जनावर त्याच्या अंगणात येईनासं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा बोकड दुसऱ्याच्या अंगणात पडला. "भाऊ, तुमच्या अंगणात चिखल हाये न," असं कारण सांगितलं. चिखल होता हे खरं. पण पोळ्याला चिखल दरवर्षीच असतो.

तेव्हापासून त्यांचं चालणं दुप्पट झालं. आधी ते हौसेनं हिंडायचे, आता वाट बघत हिंडायला लागले. रस्त्यावरून बोकड ओरडला की फाटकाशी. चार माणसं बोलत गेली की फाटकाशी. आम्ही दिवाळीत चार दिवस राहिलो तर मलाही तो रोग लागला. जेवताना माझाच पाय हलायला लागला, पेपर वाचता येईना, मीही उगाच उठून फाटकापर्यंत जाऊन यायला लागलो. शेवटी मला कारकुनी बुद्धी सुचली. मी चंद्रपूरहून एक छोटा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणला आणि पुढच्या खेपेला मोठ्या कौतुकानं त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, मामाजी, आता कोण कमी म्हणतो बघू. त्यांनी काट्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, त्यावर एक वांगं ठेवून पाहिलं, उचललं.

"जवाई, काटा मास तोलते. हिस्सा नाई तोलत."

मला फार लाज वाटली. त्या काट्यावर सासूबाई आता कापूस-वातींचे पुडे करतात.

यंदा धान निसवला, लोंब्या बाहेर आल्या आणि रानडुकरांनी बांध्यांमध्ये शिरून सगळं तुडवून काढलं. गावानं अर्ज केले. एक दिवस वनरक्षक आले आणि शाळेत सभा झाली. पीक खाणारं रानडुक्कर मारायला परवानगी मिळाली आहे, गावातल्या लायसनवाल्या काकांनी बंदूक चालवायची, असं त्यांनी वाचून दाखवलं. हे पहिलं वाक्य. दुसरं वाक्य असं होतं की मारलेल्या डुकराला कुणी हात लावायचा नाही, पंचनामा करून तिथेच खड्ड्यात पुरायचं. सगळं गाव बसून ऐकत होतं म्हणून सगळ्या गावानं दोन्ही वाक्यं ऐकली. मामाजींनी दाराशी उभं राहून पहिलं ऐकलं आणि दुसरं वाचून होईपर्यंत ते अर्ध्या रस्त्यात होते.

त्यांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज पंचविशीतल्या माणसाचा होता. "जवाई, सुट्टी काढा. बाईले घेऊन या. डुक्कर येऊन राह्यलं आपल्या आंगणात."

आम्ही पोचलो तेव्हा अंगण शेणानं सारवलेलं होतं. पळसाची पानं धुऊन, घरं मोजून, एकावर एक रचून ठेवली होती. सासूबाईंनी मला विहिरीकडे बोलावलं. "जवाईबापू, ते डुक्कर पुरणार हायेत. साऱ्या गावाले मालूम हाये. ह्यायले कोण सांगन?"

"तुम्ही सांगा ना," मी म्हणालो.

"मी काऊन सांगू? पाहून नाई राह्यले का, किती दिवसांनी गाणं म्हणून राह्यले ते."

खरंच, ते सुरीला धार लावता लावता काहीतरी गुणगुणत होते. उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरला होता. मी तीन वेळा त्यांच्याजवळ गेलो. पहिल्यांदा हवापाण्याचं बोललो, दुसऱ्यांदा गुडघ्याची चौकशी केली आणि तिसऱ्यांदा सुरीचं कौतुक करून परत आलो. माझ्यासारखा भित्रा जावई त्या गावानं दुसरा पाहिला नसेल.

सकाळी दव असतानाच बंदूक वाजली. आवाज विरायच्या आत मामाजी फाटकाबाहेर होते, एका बगलेत पानं आणि हातात सुरी. मी मागून पळत सुटलो. बांधीच्या कडेला गाव जमलं होतं. मोठं नर डुक्कर धानात आडवं पडलं होतं. लायसनवाले काका बंदूक मागे लपवल्यासारखी धरून उभे होते. तरुण वनरक्षक कागदावर लिहीत होते. आणि बाजूला दोन माणसं खड्डा खणत होती.

मामाजींनी खड्डा पाहिला. "हा काऊन खणून राह्यले?"

खणणाऱ्या दोघांनी फावडी टेकवली. शेवटी वनरक्षकच पुढे झाले. भला माणूस होता तो, आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊ, सुरी ठेवा जी. याले हात लावता येत नाई. पुराचं हाये. तसाच हुकूम हाये."

"पुराचं?" मामाजी म्हणाले. "अख्खं?"

ते डुकराभोवती फिरायला लागले. एक फेरी, दुसरी, तिसरी. आता पानांचा गठ्ठाही हलायला लागला होता, त्याची खसफस सगळ्यांना ऐकू येत होती. सगळं गाव जमिनीकडे बघत होतं. मला वाटलं, आपण काल बोललो असतो तर हा माणूस इथे सगळ्यांसमोर असा उभा राहिला नसता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दवामुळे आलं असं दाखवायची सोयही नव्हती.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या काकू गर्दीतून पुढे आल्या. होळीला कमी म्हणाल्या होत्या त्याच.

"भाऊ, हिस्से तं पाडा. सुरी नका लावू. बोटानं पाडा."

सगळ्यांनी वनरक्षकाकडे पाहिलं. त्यांनी कागद वरून खालपर्यंत वाचला, उलटा करून मागची बाजूही पाहिली. "बोटाचं इथी काही लिहून नाई," ते म्हणाले. "पण हात नका लावू बरं."

मामाजींनी सुरी माझ्याकडे दिली आणि ते डुकराजवळ वाकले. बोट कातडीपासून वीतभर वर धरून त्यांनी सुरुवात केली. मानेपासून खांद्यापर्यंत, खांद्याच्या सांध्यातून खाली, बरगडी बरगडीमधून. बोट थरथरत होतं, पण वाट चुकत नव्हतं. गाव आता जवळ सरकलं होतं आणि प्रत्येकजण त्या बोटाबरोबर मान हलवत होता. प्रत्येक घराचं एक पान डुकराच्या शेजारी धानात मांडलं जात होतं. रिकामं पान, पण मामाजी त्यावर हवेतून काहीतरी ठेवत होते, मागे सरून बघत होते, आणि एखाद्या पानावरचं थोडं काढून दुसऱ्यावर टाकत होते. काकू शेताकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"हा कोणाचा?"

"लायसनवाल्याचा."

"हा कोणाचा?"

"पाण्याच्या टाकीजवळच्या घराचा."

"हा कोणाचा?"

"गार्डसाहेबाचा," काकू म्हणाल्या. सुरी लागायच्या आत आले होते ना ते.

वनरक्षक गडबडले. "मी नाई खात जी. माळ हाये माही."

"घरी न्या," मामाजी वर न बघता म्हणाले. "बायको खात असन."

लोक हसले. त्या सकाळी पहिल्यांदा कुणीतरी हसलं. वनरक्षकांनी एक क्षण विचार केला, पेन खिशाला लावलं, पुढे झाले आणि दोन्ही हातांनी रिकामं पान उचललं. मग एकेक करून सगळ्यांनी उचललं. बांधावरून भांडणारे दोघे भाऊसुद्धा आले. माझंही नाव काकूंनी घेतलं. एकवीस वर्षं मी त्या घरचा पाहुणा म्हणून जेवत होतो. जावयाचा हिस्सा सासऱ्याच्याच पानात धरतात, त्यामुळे माझं स्वतंत्र पान कधी निघालं नव्हतं. मी ते घेतलं आणि त्यावरचं काही सांडू नये म्हणून सपाट धरून उभा राहिलो.

डुक्कर खड्ड्यात उतरवलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांनी आपापली पानं वरून ठेवली आणि मग माती पडली. वनरक्षकांनी पंचनाम्यावर सह्या घेतल्या. पंच म्हणून मामाजींनी अंगठा दिला.

त्या संध्याकाळी गावात घरोघरी वांग्याची भाजी शिजली. जेवायला मी पाटावर आणि मामाजी नेहमीप्रमाणे ताट हातात घेऊन अंगणात. एक घास चुलीपाशी, एक फाटकाशी. मी हात धुवायला बाहेर आलो तेव्हा ते माझ्याजवळ येऊन थांबले आणि हळूच विचारलं,

"जवाई, खरं सांगा. आज कोणाले कमी तं नाई पडलं न?"

"नाही पडलं, मामाजी," मी म्हणालो. "सगळ्यांना सारखं आलं."